दुसरा आणि चौथा शनिवार

डॉक्टर हुद्दार कोल्हापूरहून येतात,
महिन्यातून दोनदा, आंबोलीचा घाट उतरून.
वेंगुर्ल्याच्या बाजारात, सायकलच्या दुकानावर जिना,
जिन्यावर चपला,
चपलांत वाळू.
आमच्या पतपेढीला तेव्हा सुट्टी, म्हणून मला जमतं.

बाकावर आठ वर्षांचा निहार,
अंगठा सुटेना म्हणून टाळूला जाळी बसवलेला;
आता तो अंगठा खिशात ठेवतो,
कुणी काढून नेईल असा जपून.
अकरावीतल्या दोघी, रबरांचे रंग बदलायला आलेल्या:
एकीला मोरपंखी हवाय,
दुसरीला तिच्यापेक्षा वेगळा, कुठलाही.
आणि उभादांड्याचे पास्कू फर्नांडिस, वय बावन्न,
खालचा जबडा पुढे, अंगाला डिझेलचा वास.
"आरसो बघूक वेळ खंय होतो?
आता झील होडी चालवता. आता बघतंय."

मी त्रेचाळीस.
"तुका कित्याक गो ह्या वयात?" सुलूमावशीने विचारलं.
म्हटलं, दात काय वय विचारून पुढे आले होते?

बघायला यायचे तेव्हा आई सांगायची,
विचारतील तेवढंच बोल
आणि बाकीचं ओठ मिटून ऐक.
दोन स्थळं गेली.
तिसऱ्याला म्हणे माझं अक्षर आवडलं.
लग्नाच्या अल्बमात मी सगळीकडे मिटलेली आहे,
फक्त एका फोटोत, पंक्तीत कुणीतरी भटजींच्या अंगावर
सोलकढी सांडली तेव्हा...
तो फोटो मी कधीच काढून घेतला.

तार दोऱ्याएवढी.
पहिल्या रात्री वाटलं, तोंडात रापण ओढतायत,
दोन्ही टोकांनी, माणसं लावून, अजिबात घाई न करता,
आणि जाळ्यात माझीच हाडं.
आठवडाभर पेज.
मग वर्ज्य वस्तूंचा कागद: उसाचं कांडं, भाजलेले काजू,
कैरी दातांनी तोडणं.
जत्रेतलं खाजं त्यांनी लिहिलं नव्हतं,
मी विचारलं, आणि पस्तावले.
पेडवे मात्र खाल्ले.
काटा तारेत अडकून राहिला.
शनिवारी डॉक्टरांनी चिमट्याने काढला,
दिव्याखाली धरून विचारलं, हे काय?
म्हटलं, बुधवार.

महिन्याला दोन हजार.
लोकांच्या आवर्तक ठेवी लिहिते मी वीस वर्षं;
माझ्या नावावरची ही पहिली.

पंधराव्या महिन्यात त्यांनी हातात आरसा दिला.
ओळ लागली होती.
पुढच्या दोन दातांत एक फट तेवढी राहिलेली.
पुढच्या खेपेस बंद करू, म्हणाले.
मी म्हटलं, ती राहू दे.

बाबांना होती, अशीच, तिथेच.
जीभ टेकवून शीळ घालायचे
होडी रेतीला लागायच्या आधी,
आणि त्या शिळेवर आई आधण ठेवायची.
हे काही मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
तोंडात आरशाची दांडी होती.
एवढंच: राहू दे.

त्यांचं पेन थांबलं.
फट ठेवायची तर मागून बारीक तार चिकटवावी लागेल, म्हणाले,
कायमची,
नाहीतर दात त्यांना जायचं तिकडे जातात.
बंद केली तरी तेच, म्हणाले.
मग फाइलवर लिहिलं:
फट ठेवणे. रुग्णाची इच्छा.
अक्षर वाईट आहे त्यांचं.

खाली सायकलवाला ट्यूब घमेल्यात बुडवून
बुडबुडे शोधत होता.
जिन्यावर कोणी नाही बघून
मी जीभ टेकवली.
नुसती हवा.
परत.
थोडी थुंकी, आणि हवा.

वरच्या पायरीवर पास्कू कधीचे उभे होते
चपला हातात घेऊन.
"वायच खाली टेकव जीभ," म्हणाले.